खाडा करून केलेला सिनेमा

नाशिक सोडून आग्रा रस्त्याने धुळ्याकडे निघाले की शंभरेक किलोमीटरवर मालेगाव लागते. गावाच्या मधून मोसम नदी जाते. नदीच्या एका अंगाला बहुतांशी हिंदू वस्ती, दुसऱ्या अंगाला बहुतांशी मुसलमान. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर हे गाव आले ते २००१ च्या दंगलीमुळे, २००६ च्या आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे. पण ज्या वर्षांत हे सारे घडत होते, त्याच वर्षांत या गावातली काही माणसे विनोदी चित्रपट काढत होती. पैसे नव्हते, स्टुडिओ नव्हता, नटांना पगार नव्हता. त्या चित्रपटांच्या गोष्टी बऱ्याच जणांना ठाऊक झाल्या आहेत. आज मला बोलायचे आहे ते त्यांच्या चित्रीकरणाच्या दिवसाबद्दल. म्हणजे सकाळी कोण यायचे, कॅमेरा कशावर ठेवायचे, घोडा नसला तर काय करायचे, याबद्दल.

त्यासाठी आधी मागाकडे जावे लागेल. मालेगावचा भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात बांधला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा आत अरब शिबंदी होती. पण आजच्या मालेगावला आकार दिला तो विणकरांनी. १८५७ च्या उठावानंतर आणि मग दुष्काळामुळे उत्तरेतले मोमीन विणकर आपले हातमाग सोडून दक्षिणेकडे निघाले. आग्रा रस्त्याने चालत आलेल्यांपैकी बरेच इथे थांबले. पुढे १९३० च्या दशकात यंत्रमाग आले आणि गावाचा आवाजच बदलला. मालेगावच्या कोणत्याही मोहल्ल्यात उभे राहा, धोट्याची खटखट ऐकू येते. एकेक माणूस चार-चार, सहा-सहा माग सांभाळतो. पाळी बारा तासांची. मजुरी कापडाच्या मीटरवर, हिशेब आठवड्याचा. त्यामुळे एक दिवस खाडा म्हणजे तेवढे मीटर कमी, आणि तेवढेच पैसे कमी. 'खाडा' हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

आठवड्याची सुटी शुक्रवारी. जुम्म्याची नमाज झाली की दुपार मोकळी. माग बंद, कान मोकळे, खिशात आठवड्याची मजुरी. अशा दुपारी माणूस जाणार कुठे? थिएटरात, नाहीतर व्हिडिओ पार्लरमध्ये. मालेगावच्या सिनेमावेडाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेच 'अडाणी माणसांचा नाद' अशा सुरात लिहिलेले असते. मला तो सूर पटत नाही. बारा तास यंत्राच्या तालावर हात हलवणाऱ्या माणसाला तीन तास दुसऱ्या कशाच्या तरी तालावर बसावेसे वाटणे यात अडाणीपणा कसला? याच गावात मुशायरे पहाटेपर्यंत चालतात आणि ऐकायला बसणारे तेच मागवाले असतात.

शेख नासिर यांच्या घरचे असेच एक व्हिडिओ पार्लर होते. तिथे ते हिंदी सिनेमाबरोबर चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन यांचे मूकपट पाहत. मूकपटाला भाषेची अडचण नाही. नासिर कुठल्या चित्रपट शिक्षणसंस्थेत गेले नाहीत. पार्लरमध्ये तीच ती टेप शंभरदा फिरवताना दृश्य कुठे तुटते, कुठे जोडले जाते, हे त्यांना उमगत गेले. जोडीला लग्नाच्या चित्रीकरणाचा धंदा. म्हणजे कॅमेरा घरचाच. संकलन कसले, तर दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवायचे, एकावर दृश्य लावायचे, दुसऱ्यावर नेमक्या क्षणी बटण दाबून उतरवून घ्यायचे. बोट चुकले की पुन्हा पहिल्यापासून.

या सामग्रीवर २००० च्या सुमारास त्यांनी 'मालेगाव के शोले' केला. खर्च सांगितला जातो तो पन्नास हजारांच्या आसपास. आता मूळ 'शोले' आठवून पाहा. १९७३ मध्ये कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत सुरू झालेले चित्रीकरण दोन वर्षांहून जास्त चालले. नुसत्या आगगाडीच्या प्रसंगासाठी पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर सात आठवडे मुक्काम होता. चित्रपट ७० मिलिमीटरचा, खर्च सुमारे तीन कोटी. मालेगावकरांनी हा चित्रपट निवडला तो काही त्याच्याशी स्पर्धा करायला नव्हे. प्रत्येक प्रेक्षकाला तो तोंडपाठ होता म्हणून निवडला. ज्याला मूळ पाठ आहे त्यालाच विडंबन कळते. आपल्याकडे अत्र्यांच्या 'झेंडूच्या फुलां'ची मजाही ज्याला रविकिरण मंडळाची कविता ठाऊक होती त्यालाच पुरती आली.

नट शोधायची त्यांची पद्धत सोपी होती. प्रत्येक मोहल्ल्यात एखादा तरी असतोच, ज्याला चार मित्र सांगतात की तू अमक्यासारखा दिसतोस. तो बिचारा मग केस तसेच ठेवतो, चाल तशीच करतो. असे सगळे गोळा केले की निम्मी पात्रयोजना झाली. डाकूंना घोडे हवेत. घोडे भाड्याने आणायचे तर सगळे पैसे त्यातच जाणार. म्हणून डाकू सायकलवरून आले. आणि इथेच मालेगावच्या सिनेमाला त्याचा विनोद सापडला असे मी म्हणेन. घोडा परवडत नाही ही अडचण. पण दरोडेखोरांची टोळी पायडल मारत धुरळा उडवत येते, हे दृश्य दहा घोड्यांनाही जमले नसते. अडचण लपवायची नाही, ती तशीच कॅमेऱ्यासमोर उभी करायची. प्रेक्षकांमध्ये बसलेला जो तो सायकलवरूनच मागावर जात होता, हे विसरू नका.

बायकांचे काय? मालेगावातल्या मुली चित्रपटात काम करायला पुढे येत नसत, घरचे येऊ देत नसत. तेव्हा नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. तिचा प्रवास, मुक्काम, मानधन. बाकी सगळे फुकटात काम करत असताना रोख खर्च व्हायचा तो इथे. म्हणून तिची सगळी दृश्ये मिळतील तेवढ्या थोड्या दिवसांत उरकावी लागत. याला कुणी मुसलमान वस्तीचा मागासपणा म्हणेल. त्यांनी जरा याच नाशिक जिल्ह्याचा इतिहास पाहावा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. नाटकवाल्या घरच्या नाहीत, तमाशातल्या नाहीत, कुणीच तयार नव्हते. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना साडी नेसवली. चार वर्षांनी 'लंकादहना'त तेच साळुंके राम झाले आणि सीताही झाले. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करत, वर फिल्मचे कामही करत. कमी पैशांच्या चित्रपटाचा सगळा भार असा घराच्या स्वयंपाकघरावर पडतो, ही गोष्ट आपल्याकडे पहिल्या दिवसापासूनची आहे.

आता चित्रीकरणाच्या दिवसाकडे येतो. याचे आपल्याला तपशील मिळतात ते फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे. नासिर आणि मंडळी 'मालेगाव का सुपरमॅन' हा चित्रपट करत होती, तेव्हा फैजा यांनी कॅमेरा घेऊन त्यांच्यासोबत दिवस काढले. २००८ मध्ये माहितीपट पुरा झाला. तो नुसता गमतीचा नाही, म्हणून मी तो मोलाचा मानतो. दुसरीकडची मंडळी मालेगावच्या सिनेमाकडे पाहतात तेव्हा बहुधा वरून खाली पाहतात. या माहितीपटातला कॅमेरा माणसांच्या शेजारी बसलेला आहे.

सुपरमॅन झाले होते शफीक शेख. यंत्रमागावर काम करणारा, अंगाने अगदी काटकुळा तरुण. अमेरिकेतल्या सुपरमॅनची छाती आणि दंड ज्यांनी पाहिले आहेत त्यांना शफीकला त्या निळ्या-लाल कपड्यांत पाहिले की आधी हसू येते. कपडे ढगळ, पायात रबरी चपला, कमरेला लोंबणारा नाडा. पण हसता हसता लक्षात येते की हा मालेगावचाच माणूस आहे, गावातल्या कापडात, गावातल्या चपलेत. त्याला उडताना दम लागतो, कारण इथल्या हवेत धूर आहे, धूळ आहे, मागाचे तंतू आहेत. खलनायकाचे काम अक्रम खान यांनी केले. त्या खलनायकाला घाण आवडते. गावभर कचरा असावा, लोकांनी खोकत राहावे, थुंकत राहावे, एवढीच त्याची इच्छा. परग्रहावरचे शत्रू आणायला पैसे नव्हते, आणि खरे सांगायचे तर गरजही नव्हती.

उडायचे कसे, हा रोजचा प्रश्न होता. नासिर यांनी मुंबईला जाऊन क्रोमाचे तंत्र समजून घेतले. मागे हिरवे कापड लावायचे, पुढे माणूस, नंतर संगणकावर हिरवे काढून आकाश भरायचे. पण कापड लावले म्हणून माणूस अधांतरी राहत नाही. त्याला आडवा धरावा लागतो, आधार द्यावा लागतो, आणि पाठीवरचा लाल पदर वाऱ्यात फडफडतो आहे असे दिसण्यासाठी कुणीतरी तो हाताने हलवत बसावा लागतो. कॅमेरा पुढे सरकवायला सायकल. कॅमेरा उंच न्यायला बैलगाडी: गाडीचे एक टोक दाबले की दुसरे वर जाते, वरच्या टोकाला कॅमेरावाला. मुंबईच्या स्टुडिओत याच कामाला क्रेन म्हणतात आणि तिचे दिवसाचे भाडे मोजतात. इथे बैल सोडलेली गाडी आणि दाबायला चार धडधाकट मित्र एवढे पुरे.

पण माझ्या मते या सेटवरची सगळ्यात अवघड वस्तू कॅमेरा नव्हती, वेळ होती. पाहा ना, काम करणारे सगळे पोटासाठी दुसरीकडे बांधलेले. कुणाची दिवसपाळी, कुणाची रात्रपाळी, कुणाचे दुकान. मोठ्या चित्रपटात नटाच्या तारखा मिळत नाहीत म्हणून काम अडते. इथे मुकादमाने सोडले नाही म्हणून अडते. एकाने खाडा केला आणि दुसऱ्याला जमले नाही, तर पहिल्याचा खाडा फुकट गेला. चित्रीकरण ऐन भरात असताना नायकाचे लग्नच आले, मग काम थांबले. त्याच्या नावाने कोण आणि काय बोलणार? एकदा तर तो एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडला. मोठ्या कंपनीत अशा वेळी विमा असतो, दुसरा कॅमेरा असतो. इथे दुरुस्ती होईपर्यंत नुसते बसणे. माहितीपटात नासिर यांचा चेहरा अशा वेळी पाहण्यासारखा आहे. त्यावर संताप दिसत नाही. धोटा अडकला की माग बंद करून, वाकून, तुटलेला धागा शोधणाऱ्या माणसाचा तो चेहरा आहे.

भारनियमनाचेही दिवस होते ते. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रातली छोटी शहरे तासन्‌तास अंधारात असत, हे आपल्याला आठवत असेल. यंत्रमागाच्या गावात वीज गेली की नुसता दिवा जात नाही, मजुरीही जाते.

लेखक होते फरोग जाफरी. चित्रपटातल्या विनोदाच्या जागा त्यांनी लिहिल्या. मुंबईला लेखक म्हणून नाव व्हावे ही त्यांची ओढ माहितीपटात लपत नाही. मालेगावहून मुंबई तीनशे किलोमीटरच्या आत आहे, एका रात्रीच्या एसटीचे अंतर. पण लिहिणाऱ्या माणसाला ते तेवढेच वाटत नाही. नासिर यांना आपल्या गावासाठी चित्रपट करायचा होता, फरोग यांना गावाबाहेर ऐकू जायचे होते. एकाच सेटवर, एकाच चहाच्या किटलीभोवती या दोन्ही इच्छा बसलेल्या असत. मी स्वतः कविता लिहितो, तेव्हा माझा कल कुणाकडे असेल हे तुम्ही ओळखलेच असेल. नटाला निदान गल्लीतली पोरे ओळखतात. लेखकाला कोण ओळखते?

त्यांच्या भाषेबद्दलही बोलायला हवे. मी मराठीत लिहितो म्हटल्यावर मला अजूनही विचारतात की घरी तुम्ही उर्दूच बोलत असाल ना. उर्दू कुठली आणि मराठी कुठली, हे मालेगावात बसून कुणी वेगळे करून दाखवावे. तिथली बोली उर्दूच्या मांडवात बसलेली असते, पण तिच्यात आजूबाजूच्या मराठीचा, खानदेशी अहिराणीचा हेल येतो, उत्तरेतून आलेल्या आजोबा-पणजोबांचे शब्द येतात. मोठ्या हिंदी सिनेमात ही बोली ऐकू आली तर ती हमखास मवाल्याच्या किंवा विदूषकाच्या तोंडी. मालेगावच्या सिनेमात तीच बोली नायकाच्या तोंडी आली, नायिकेच्याही आली, पोलिसाच्याही आली. सगळेच जण तसे बोलत असल्यामुळे बोली हा विनोद उरला नाही. विनोद दुसरीकडे शोधावा लागला. ही साधी गोष्ट नाही. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याने पाटलाची टर उडवली ती गावच्याच भाषेत, आणि समोर बसलेला पाटीलही हसला. तसेच काहीसे इथे झाले.

दंगल आणि स्फोट झालेल्या गावात माणसे हसतात कशी, असा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात. नासिर आणि त्यांच्या मित्रांनी चित्रपट काढले ते दोन समाजांत सलोखा घडवण्याचा कार्यक्रम म्हणून नव्हे. त्यांच्यावर ते ओझे लादू नये. त्यांना चित्रपट काढायचा होता, म्हणून काढला. पण २००६ च्या सप्टेंबरात, शब-ए-बारातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजेनंतर कब्रस्तानाजवळ स्फोट होऊन माणसे मेली, त्याच गावात पुढच्या एक-दोन वर्षांत माणसे बैलगाडीच्या टोकाला कॅमेरा बांधून उभी होती, हे मात्र नोंदवून ठेवले पाहिजे. आणि त्यांच्या चित्रपटातला खलनायक कुठल्या धर्माचा, कुठल्या देशाचा नव्हता. त्याला फक्त घाण आवडत होती.

शफीक गुटखा खात असत. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून मागावरची पुष्कळ माणसे तंबाखू-गुटखा तोंडात धरतात. त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. २०११ मध्ये ते गेले. खोकत आणि थुंकत ठेवणाऱ्या खलनायकाशी लढलेला हा सुपरमॅन. २९ जून २०१२ रोजी फैजा यांचा माहितीपट देशातल्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पडद्यावर उडणारा तो माणूस प्रेक्षकांत नव्हता. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, जुलै २०१२ मध्ये, महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. ती बंदी आजही कागदावर आहे. पानटपरीवर काय मिळते ते आपण सगळे जाणतो.

पुढे मालेगावात आणखी चित्रपट झाले. मग मोबाइल आला. कॅमेरा, संकलन, प्रदर्शन सगळे खिशात मावू लागले. व्हिडिओ पार्लरची गरज संपली. मालेगावच्याच 'छोटू दादा'च्या विनोदी चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत. त्या पाहणाऱ्या अनेकांना हे गाव नकाशावर कुठे आहे तेही ठाऊक नसेल. त्यांतला विनोद मला नेहमीच रुचतो असे नाही, पण गावाची सवय मोडलेली नाही एवढे खरे.

२०२४ मध्ये रीमा कागती यांनी या मंडळींवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट केला. तो आधी टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे लागला. नासिर यांची भूमिका आदर्श गौरव यांनी केली, फरोग यांची विनीत कुमार सिंग यांनी, शफीक यांची शशांक अरोरा यांनी. चित्रपट मनापासून केलेला आहे. मला त्यात एकच गोष्ट कमी वाटली: थांबून राहणे. दोन-अडीच तासांच्या गोष्टीत ते मावणार तरी कसे? मूळ सेटवरचे बरेचसे दिवस नुसते थांबण्यात गेले असणार. कुणाची पाळी सुटण्याची, कॅमेरा दुरुस्त होऊन येण्याची, वीज येण्याची वाट पाहत. शफीक आडवे पडून आहेत, पाठीला हिरवे कापड आहे, आणि लाल पदराचे टोक हातात धरून उभा असलेला कुणीतरी मागे वळून विचारतो आहे, हलवू का?